ऐकले होते १,२००, बसले ७४६ : बॅकयार्डातल्या एका एडीयूची पूर्ण केस

कॅलिफोर्नियात साउथ बेमध्ये राहणारं एक मराठी जोडपं, दोघंही नोकरी करणारे, मुलगी मिडल स्कूलमध्ये. नवऱ्याचे आई-बाबा कोथरूडला. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेले, आई ठणठणीत. दोघांची ग्रीन कार्डं झाली आणि सहा महिन्यांसाठी येऊन जाणं संपलं, आता वर्षातला बराचसा काळ इथेच राहायचं. तीन बेडरूमचं १९६०च्या दशकातलं एकमजली घर, त्यात पाच माणसं, एकच धड बाथरूम. मग बॅकयार्डात एडीयू, म्हणजे त्याच प्लॉटवर स्वतःचं किचन-बाथरूम असलेलं दुसरं छोटं घर, बांधायचं ठरलं. मी इथे घरांची ड्रॉइंग्ज आणि परमिटची कामं करते, ओळखीतून ही केस माझ्याकडे आली. नाव-गाव गाळून सगळं लिहिते आहे कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी तोच प्रश्न विचारतं : "अगं, १,२०० स्क्वेअर फूट बांधता येतं ना?"

येतं आणि येत नाही.

हे दोघं माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात एका प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात तयार घरं बनवणाऱ्या, कंपनीचं ब्रोशर होतं. दोन बेडरूम, दोन बाथ, १,२०० स्क्वेअर फूट, चकचकीत फोटो. सेल्सवाल्याने सांगितलं होतं की राज्याचा कायदाच आहे, सिटी नाही म्हणूच शकत नाही. या वाक्यातला पहिला अर्धा भाग खोटा नाहीये. कॅलिफोर्नियाने २०१७पासून एडीयूचे नियम सैल करायला सुरुवात केली, २०२०मध्ये मोठा बदल आला, आणि राज्याच्या कायद्यात वेगळ्या उभ्या असलेल्या एडीयूसाठी, म्हणजे डिटॅच्ड, १,२०० हा आकडा खरंच आहे. पण ती वरची मर्यादा आहे, तुमचा हक्क नव्हे. शहराला स्वतःच्या नियमात यापेक्षा कमी कमाल मर्यादा ठेवता येते, फक्त ती ८५०च्या खाली नेता येत नाही, आणि एकापेक्षा जास्त बेडरूम असतील तर १,०००च्या खाली नाही. त्यांच्या शहराने नेमकं तेच केलेलं. एक बेडरूम ८५०, दोन बेडरूम १,०००.

म्हणजे ब्रोशर पहिल्या पाच मिनिटांत बाद. तरी हजार म्हटल्यावर दोघं खूश होते, दोन बेडरूम म्हणजे आई-बाबांची एक आणि पुण्याहून ताई आली तर एक. मी म्हटलं थांबा, अजून लॉट कव्हरेज बघायचंय.

आपल्याकडे जसा एफएसआय तसं इथे एफएआर, आणि त्याच्या जोडीला लॉट कव्हरेज, म्हणजे प्लॉटचा किती टक्के भाग छपराखाली जाऊ शकतो. त्यांचा लॉट ६० बाय १००, म्हणजे ६,००० स्क्वेअर फूट. शहराची मर्यादा ४० टक्के, म्हणजे २,४००. घर १,५००, गॅरेज ४००, आणि मागे आधीच्या मालकाने घातलेलं पॅटिओ कव्हर १४०, एकूण २,०४०. उरले ३६०. तीनशे साठ! त्यात आई-बाबा सोडा, बाबांची पुस्तकं पण मावणार नाहीत. पॅटिओ कव्हर पाडलं तरी ५००च्या पुढे जात नाही.

हा हिशोब मांडला की बहुतेक लोक इथेच हताश होतात, काही जण तर सिटीच्या काउंटरवरून "तुमच्या लॉटवर होणार नाही" एवढं ऐकून घरी परत येतात. ह्यांनाही काउंटरवर आधी तेच ऐकायला मिळालं होतं. आणि इथेच राज्याच्या कायद्याचं खरं वजन आहे. तो म्हणतो की लॉट कव्हरेज, एफएआर, ओपन स्पेस, फ्रंट सेटबॅक म्हणजे पुढे सोडायचं अंतर, किमान लॉट साइज, यातला कुठलाही नियम लावून शहर ८०० स्क्वेअर फुटांपर्यंतचं एडीयू अडवू शकत नाही, बाजूने आणि मागून चार फूट सोडले आणि उंचीचा नियम पाळला की झालं. उंची साधारणपणे सोळा फूट, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून अर्ध्या मैलाच्या आत असाल तर अठरा. आमच्या केसमध्ये उंचीचा प्रश्नच नव्हता, बाबांच्या गुडघ्यांमुळे जिना कुणालाच नको होता.

आता नीट बघा, ह्यात दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. ८००च्या वर जायचं असेल तर शहराच्या नेहमीच्या नियमाने जा, मग कव्हरेज वगैरे सगळं लागू. ८०० किंवा त्याच्या आत राहिलात तर कव्हरेज बाजूला. "मला हजार हवेत पण ८००पर्यंतचं कव्हरेज माफ करा आणि वरच्या दोनशेचं काय ते बघू" असं करता येत नाही. नवऱ्याने हे सुचवून बघितलं होतं, इंजिनिअर माणूस आहे, त्याला वाटलं पहिले ८०० वजा करून गणित सुटेल. नाही सुटत. ज्यांच्याकडे कव्हरेज शिल्लक आहे त्यांच्यासाठी हजारचा नियम आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी आठशे, आणि ह्यांच्याकडे नव्हतं.

मग आठशे धरून जागा मोजायला गेलो आणि जमिनीने तिसरी गोष्ट सांगितली. घराच्या मागे कंपाउंडपर्यंत ३५ फूट. मागच्या कंपाउंडला समांतर विजेच्या तारा जातात, खांब शेजारच्या कोपऱ्यात. तारा दिसल्या की माझ्या डोक्यात घंटा वाजतेच, मी टायटल रिपोर्ट मागवला, म्हणजे जमिनीची मालकी आणि तिच्यावरचे इतरांचे हक्क दाखवणारा कागद. घर घेताना मिळालेला असतो, कुणी उघडत नाही. त्यात मागच्या बाजूला दहा फुटांचं पब्लिक युटिलिटी ईझमेंट निघालं. म्हणजे सेटबॅक चार फूट असला तरी तिथे बांधकाम दहा फूट सोडूनच करायचं, कारण ती पट्टी युटिलिटी कंपन्यांना खणायला, खांब बदलायला मोकळी ठेवावी लागते. आठशेच्या हक्काने शहराचे नियम बाजूला सरतात, पण ईझमेंट हा शहराचा झोनिंगचा नियम नाही, तो तुमच्या जमिनीच्या कागदावर नोंदलेला दुसऱ्याचा हक्क आहे, तो राज्याच्या ह्या कायद्याने पुसला जात नाही. बायको, म्हणजे आमची वहिनी, म्हणाली, "अहो पण चार फूट म्हणालात ना तुम्ही?" म्हणाले होते. चार फूट हे सिटीचं उत्तर होतं, दहा फूट जमिनीचं.

३५मधून मागचे १० गेले. मुख्य घर आणि एडीयूमध्ये त्या शहरात ६ फूट अंतर. उरली पुढून मागे १९ फूट खोली. रुंदीला ६०मधून दोन्हीकडचे चार-चार गेले तर ५२. म्हणजे १९ बाय ४२ केलं की ७९८, आठशेच्या जवळपास बसतं, फक्त आकार रेल्वेच्या डब्यासारखा. ब्रोशरमधलं मॉडेल २४ फूट खोल होतं, ते ह्या अंगणात कुठल्याच कायद्याने बसलं नसतं, आणि क्रेनने ते घरावरून उचलून ठेवायचं म्हणजे मागच्या तारा होत्याच.

इथपर्यंत सगळे ७९८वर खूश होते. मीच म्हटलं पन्नास फूट कमी करूया.

कारण फी. कायद्याने ७५०च्या आतल्या एडीयूवर शहराला इम्पॅक्ट फी लावता येत नाही. पार्क, ट्रॅफिक वगैरेसाठी नवीन घरांकडून जी घेतात ती. ७५०च्या वर गेलात की फी लागते, पण मुख्य घराच्या प्रमाणात. ती किती हे शहरागणिक खूप बदलतं, साउथ बेमधल्या काही शहरांत पार्क फी ऐकून माणूस खाली बसतो. हिशोब कळावा म्हणून धरा की नव्या घराची फी ३०,००० डॉलर आहे. ८००ला १,५००ने भागा, त्रेपन्न टक्के, म्हणजे १६,००० डॉलर. तेच ७४९ केलंत तर शून्य. म्हणजे वरच्या ५१ स्क्वेअर फुटांसाठी बांधकामाचा खर्च वेगळा आणि वर फुटाला तीनशेहून जास्त डॉलर नुसती फी. एका कपाटाच्या खोलीसाठी! ह्यात अजून एक मजा आहे, मुख्य घर जितकं छोटं तितकं प्रमाण मोठं, त्यामुळे छोट्या घरवाल्यांना ही उडी जास्त लागते. तीन हजार फुटांच्या घरामागे तेच ८०० बांधलं तर निम्मी फी. मला हे न्याय्य वाटत नाही, पण नियम असा आहे.

शाळेची फी मात्र वेगळी, ती ५०० फुटांच्या वर लागते आणि ती शहर नाही, स्कूल डिस्ट्रिक्ट घेतं. २०२४मध्ये राज्याने ठरवलेला साधारण कमाल दर फुटाला ५ डॉलर १७ सेंट होता, म्हणजे साडेसातशेला चार हजारांच्या आत. ती भरली. पाचशेच्या आत राहून ती वाचवूया का, असंही बोलणं झालं, पण पाच मिनिटंच, कारण तेवढ्यात काकूंनी, म्हणजे नवऱ्याच्या आईने, व्हिडिओ कॉलवर ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये हे अख्खं घर मावेल." मावलं नसतं, पण मुद्दा पोचला.

गॅरेजचाही पर्याय बघितला होता. चारशे फूट आहे, घराला जोडलेलं आहे, त्याचं ज्युनियर एडीयू, म्हणजे मूळ घराच्याच भिंतींच्या आतलं छोटं घर, करता येतं, त्याला कमाल ५००, भिंती-छप्पर तयार असल्याने खर्च कमी. कागदावर उत्तम. पण काकूंची एकच अट होती : स्वतःचा ओटा. त्यांचं म्हणणं साधं होतं, "सुनेच्या ओट्यावर मी नाही आणि माझ्या ओट्यावर ती नाही, म्हणजे दोघी सुखात." ज्युनियरमध्ये छोटंसं किचन चालतं, दोन शेगड्या आणि सिंक, आणि रस्त्याच्या बाजूने तोंड, दिवसभर अंधार. सून हसली पण नाही म्हणाली नाही. कायद्याने एकाच लॉटवर एक ज्युनियर आणि एक डिटॅच्ड दोन्ही करता येतात, त्यामुळे गॅरेज पुढेमागे कधी करायचं झालं तर दार बंद झालेलं नाही.

तर ठरलं, डिटॅच्ड, ७५०च्या आत. १९ फूट बाय ३९ फूट ४ इंच, ७४७. प्लॅन सबमिट केला.

पहिल्या प्लॅन चेकमध्ये, म्हणजे सिटीच्या ड्रॉइंग तपासणीत, लाल शेरा आला तो छपराच्या कडेवर. मागची भिंत मी ईझमेंटच्या रेषेवर बरोबर ठेवली होती आणि छप्पर नेहमीसारखं एक फूट बाहेर. भिंत रेषेच्या आत असली तरी वळचण आणि पन्हाळ रेषेच्या बाहेर लटकत होते, आणि युटिलिटीच्या पट्टीवर हवेतसुद्धा काही यायला नको होतं. असा शेरा प्रत्येक प्लॅन चेकर देतोच असं नाही, त्यामुळे एकदा विचारून बघण्यासारखं होतं, पण उत्तर "नाही" असंच आलं. मग मागची वळचण छाटून भिंतीशी सपाट केली, पन्हाळ बसावी म्हणून भिंत सहा इंच आत घेतली. खोली साडेअठरा फूट झाली. जी खोली गेली ती लांबीत भरून काढली, ४० फूट ४ इंच. गुणाकार ७४६. मागची बाजू थोडी बोडकी दिसते, पण तिकडे बघायला खांबच आहे.

लांबी वाढवायला जागा होती म्हणून आणखी एक गोष्ट जमली. बाजूला चार फूट सोडले तर चालतात, पण भिंत कंपाउंडपासून पाच फुटांच्या आत आली की ती एक तासाची फायर-रेटेड, म्हणजे तासभर आग थोपवणारी, लागते आणि खिडक्यांच्या मापावर मर्यादा येते. मिळतात म्हणून चारच घ्यायचे असं काही नाही. डावीकडे पाच फूट सोडले, साधी भिंत, हवी तेवढी खिडकी. उजवीकडे साडेचौदा फूट मोकळे राहिले, तिथलं लिंबाचं झाड वाचलं आणि मुलीचा बास्केटबॉलचा हूप पण.

कुठल्या बाजूला बाथरूम घ्यायचं हे माझ्या मनाने नाही, सांडपाण्याच्या उताराने ठरवलं. मुख्य सीवर लाइन घराच्या डाव्या बाजूने रस्त्याकडे जाते. पाइपला फुटाला पाव इंच उतार लागतो, ऐंशी फूट पाइप म्हणजे वीस इंच खाली जायला हवं. बाथरूम उजव्या टोकाला ठेवलं असतं तर पाइप आणखी लांबला असता, जोडणीची खोली पुरली नसती आणि सांडपाणी वर ढकलायला पंप बसवावा लागला असता, तो बिघडला की काय होतं ते सांगायला नको. म्हणून अख्खा प्लॅन आरशातल्यासारखा उलटा केला. बाथरूम आणि किचन डावीकडे, बेडरूम उजवीकडे. काकूंनी विचारलं देवघर कुठल्या दिशेला आलं. पूर्वेला नाही आलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तोंड पूर्वेला करून ठेवता येईल ना, झालं तर." झालं.

आता ७४६ म्हणजे आत किती हेही सांगायला हवं, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ह्या शहराने तेव्हा माप बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून घेतलं. भिंत सहा इंची फ्रेमची, वर स्टको, आतून ड्रायवॉल, साधारण सात इंच. चारही बाजूंनी ती वजा केली की आत राहतात ६८० फूट. पासष्ट-सत्तर फूट नुसत्या भिंतीत. त्यात दोन बेडरूम घातल्या, एक बरी आणि एक छोटी. नियमाने राहण्याच्या खोलीला किमान ७० फूट लागतात आणि कुठलीही बाजू सात फुटांपेक्षा कमी नको. छोटी ताईसाठी. ती वर्षातून दोन आठवडे येणार, बाकी वेळ तिथे बाबांची पुस्तकं आणि काकूंची शिलाई मशीन. हॉलमध्ये पॅसेज ठेवला नाही, पॅसेज म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली चालायची जागा. खोल्या सरळ हॉलमधूनच उघडतात.

एका ठिकाणी मात्र मी कंजुषी करू दिली नाही, बाथरूममध्ये. नेहमीचं पाच बाय आठ असतं, आम्ही सहा बाय नऊ केलं, शॉवरला उंबरा नाही, आतलं दार तीन फुटांचं. ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचे दांडे, आत्ता लावले नाहीत, बाबांना आवडत नाहीत, "मी काय म्हातारा झालोय का" म्हणतात, पण भिंतीच्या आत लाकडाचे ठोकळे ठोकून ठेवलेत, उद्या हवे झाले तर टाइल न फोडता स्क्रूने बसतील. जुलै २०२४पासून नव्या घरांसाठी हे ठोकळे कोडमध्येच आले आहेत, तेव्हा आमच्यासारख्यांना क्लायंटशी वाद घालावा लागत नाही.

बाकीचं पटकन सांगते. आग विझवणारे स्प्रिंकलर लागले नाहीत कारण मुख्य घराला नाहीत. सोलर लावलं, नव्या डिटॅच्डला एनर्जी कोडप्रमाणे बऱ्याचदा लागतं, पॅनल मुख्य घराच्या छपरावर ठेवले कारण तिथे ऊन चांगलं. गॅस घेतला नाही, सगळं विजेवर, त्यामुळे विजेचा जुना १०० अँपचा पॅनल काढून २००चा करावा लागला आणि संपूर्ण प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वाट त्याचीच बघितली. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही ही तक्रार अजून चालू आहे. चिमणी मात्र बाहेर डक्ट केलेली घेतली, फोडणीने स्मोक अलार्म वाजायला नको. प्रॉपर्टी टॅक्सची भीती सगळ्यांना असते, पण १९७८च्या प्रॉप १३ ह्या कर-मर्यादेच्या कायद्यामुळे जुन्या घराची किंमत पुन्हा लावत नाहीत, फक्त नव्या बांधकामाचं मूल्य वर चढतं.

आणि एक अट जी लोक विसरतात : ह्या ८००वाल्या रस्त्याने बांधलेलं एडीयू भाड्याने द्यायचं तर तीस दिवसांपेक्षा जास्त मुदतीसाठीच. आई-बाबा डिसेंबरात पुण्याला गेले की वीकेंडला एअरबीएनबी करू, असा नवऱ्याचा बेत होता. तो गेला. तसंही काकू आपल्या ओट्यावर परक्याला उभं राहू देतील असं मला वाटत नाही.

पैशाचं म्हणाल तर त्यांना बांधकामाचे कोट फुटाला ४०० ते ५०० डॉलरच्या मध्ये आले. स्वस्तातल्या कोटात सीवर आणि पॅनल धरलेलेच नव्हते, ते धरल्यावर सगळे जवळपास सारखेच झाले.

फायनल इन्स्पेक्शन झाल्यावर त्याच गल्लीतले दुसरे मराठी काका प्लॅन बघायला आले आणि म्हणाले आम्हालाही अगदी हेच ७४६ करून द्या. त्यांचा लॉट ७,०००, घर-गॅरेज मिळून १,७००, मागे तारा नाहीत, टायटल रिपोर्टमध्ये ईझमेंट नाही. चाळीस टक्के म्हणजे २,८००, शिल्लक १,१००. त्यांना शहराच्या साध्या नियमानेच दोन बेडरूमचं हजार मिळतं. फी भरायची तयारी असेल तर हजार, नसेल तर साडेसातशेच्या आत. ते अजून घरी विचारतायत.